‘बरं वाटतंय, आता गोळी बंद करू का?’ : मनाच्या आजारांवरील औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

मनोविकारांच्या औषधांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत. उत्तरं एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक औषधतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. उत्तरांतले डोस समजावण्यापुरते आहेत. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रश्न : माझं वय ३४. घबराटीसाठी रात्री एक गोळी दिली होती. आठ महिने घेतली. बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद केली. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. झोप नाही, हात थरथरतात, उगाच रडू येतं. सासूबाई म्हणतात, गोळीची सवय लागली. खरंच व्यसन लागलं का? स्ट्रिपचा फोटो जोडला आहे. (सोलापूर)

उत्तर : स्ट्रिप उलटी करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. तिथे दोन नावं आहेत : एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ आणि क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ. गोळी एक, औषधं दोन. आपल्याकडे ही जोडगोळी इतकी सर्रास लिहिली जाते की आपण दोन औषधं घेतोय याचा घेणाऱ्याला पत्ताच नसतो. तुम्ही एक गोळी सोडली असं तुम्हाला वाटलं, प्रत्यक्षात दोन औषधं एकाच रात्री बंद झाली, आणि दोघांचा त्रास एकत्र उफाळला.

करंट, गरगरणं, मळमळ, विचित्र स्वप्नं, रडू येणं हे बहुतेक एस्सिटालोप्राम अचानक थांबल्याचं. हा त्रास साधारण दोन ते चार दिवसांत सुरू होतो आणि बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो, काहींचा मात्र लांबतो. याला व्यसन म्हणत नाहीत. औषधाची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. क्लोनाझेपामच्या बाबतीत मात्र सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. या गटातल्या औषधांची शरीराला सवय लागते आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर एकदम तोडली तर फीट येऊ शकते. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश उतरतं, रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच ३०-४० तास लागतात. म्हणून पहिले चार दिवस निभावले म्हणजे सुटलो असं समजू नका.

आज डॉक्टरांना फोन करा. बहुधा पूर्वीचाच डोस पुन्हा सुरू करायला सांगतील आणि एक-दोन दिवसांत निवळेल. फीट आली, भास झाले किंवा भान हरपल्यासारखं वाटलं तर फोनची वाट न पाहता दवाखाना गाठा. सगळं शांत झाल्यावर पहिली मागणी ही करा : जोडगोळी बंद करून दोन औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून द्या. जोडगोळी अर्धी केली की दोन्ही एकाच मापाने अर्धी होतात, आणि नेमकं तेच टाळायचं असतं.

आधी क्लोनाझेपाम उतरवतात, एस्सिटालोप्राम तसंच चालू ठेवतात. ०.५ वरून ०.२५, दोन ते चार आठवडे तिथेच, मग ०.२५ ची अर्धी गोळी, मग बंद. मध्ये त्रास झाला तर त्या पायरीवर थोडं जास्त थांबायचं. एस्सिटालोप्रामला हात लावायचा तो पूर्ण बरं वाटू लागल्यापासून निदान सहा ते नऊ महिन्यांनी. तेही १० वरून ५, मग ५ ची अर्धी म्हणजे २.५, मग बंद. प्रत्येक पायरीवर काही आठवडे. या औषधाचे पहिले काही मिलिग्रॅमच मेंदूत बहुतांश काम करून टाकतात. म्हणून १० वरून ५ वर येताना फारसं जाणवत नाही, ५ वरून शून्यावर येताना जाणवतं. जिन्याची शेवटची पायरी सगळ्यात उंच, म्हणून तिचे दोन भाग करायचे. ‘एक दिवसाआड घेऊन सोडते’ हा घरगुती उपाय अनेकजण करतात. त्यात रक्तातलं प्रमाण दिवसाआड वरखाली होतं आणि तोच त्रास हप्त्याहप्त्याने भोगावा लागतो.

मूळ आजार उलटलाय की औषध सुटल्याचा त्रास आहे, हे वेळेवरून बरंचसं कळतं. सुटल्याचा त्रास दिवसांत येतो, आजार उलटायला बहुधा आठवडे लागतात. आणि डोक्यात करंट जाणं हे घबराटीच्या आजाराचं लक्षण नाही.

प्रश्न : भाऊ (वय ४१) सहा वर्षांपासून लिथियम ९०० मिग्रॅ घेतो, छान सावरलाय. एप्रिलपासून हात जास्त थरथरतात, कपातला चहा सांडतो, चालताना झोकांड्या जातात. मध्ये दोन दिवस जुलाब झाले. फॅमिली डॉक्टरांनी गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड सुरू केलंय. मानसोपचाराची पुढची तारीख जूनमध्ये आहे. तोवर थांबावं का? (अमरावती)

उत्तर : थांबू नका. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखंही हे नव्हतं, म्हणून तुम्हाला फोन करून कळवलं आहे. इतरांसाठी सविस्तर लिहितो.

लिथियम हे द्विध्रुवी विकारावरचं, म्हणजे उन्माद आणि उदासी आलटून-पालटून येण्याच्या आजारावरचं औषध. ही लक्षणं ते रक्तात साठल्याची आहेत. अशा वेळी लिथियमचा पुढचा डोस घ्यायचा नाही, डायक्लोफिनॅक बंद करायचं आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि सोडियम तपासायचं. जीभ जड होणं, उलट्या, गुंगी, स्नायू फडफडणं यातलं काही असेल तर रात्र असली तरी निघायचं.

लिथियम हा मिठातल्या सोडियमचा जवळचा भाऊबंद. मूत्रपिंडाला दोघांत फारसा फरक कळत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, आणि सोबत लिथियमही. तुमच्या भावाच्या बाबतीत पाच गोष्टी एकावर एक आल्या : विदर्भातला उन्हाळा, जुलाब, डायक्लोफिनॅक, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. शेवटची तिन्ही औषधं आपापल्या परीने लिथियम वाढवतात, त्यातली दोन एकाच गोळीत होती. डॉक्टर दोघेही आपल्या जागी बरोबर. दोन चिठ्ठ्या एकमेकींना भेटल्याच नाहीत. लिथियम घेणाऱ्याने प्रत्येक डॉक्टरला, दाताच्यासुद्धा, तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य ‘मी लिथियमवर आहे’ हेच बोलावं.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक नको. यातली बरीच मेडिकलमध्ये सहज हातात पडतात. बीपीसाठी अम्लोडिपिनसारखं लिथियमला फारसा धक्का न लावणारं औषध निवडता येतं, तो बदल फॅमिली डॉक्टरांशी बोलून करायचा.

तपासणीतही एक ठरलेली चूक होते. पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी बघायची असते. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त. सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. गोळी घेऊन दोन तासांत लॅबमध्ये गेलात तर आकडा उगाच जास्त येईल आणि कुणीतरी डोस कमी करून टाकेल. हिरव्या बुचाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं, त्यात नमुना घेतला तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं. रिपोर्ट अचानक भलताच आला आणि माणूस मात्र ठणठणीत असला, तर नळीची चौकशी करा. विषबाधेची शंका असेल तेव्हा मात्र १२ तासांचा हिशेब नाही, जाल तेव्हा रक्त द्यायचं.

आजार आटोक्यात ठेवण्यासाठी पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर लागते. १.५ च्या वर धोका, २ च्या वर गंभीर धोका. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आकडा कमी दिसूनही विषबाधा झालेली असू शकते, तेव्हा लक्षणांना मान द्यायचा. थरथरही दोन प्रकारची. हात पुढे ताणून बोटांवर कागद ठेवला तर तोच तेवढा फडफडतो, अशी बारीक थरथर लिथियम घेणाऱ्या पुष्कळांना असते आणि ती धोक्याची नाही. शर्टाचं बटण लागत नाही, चमचा तोंडापर्यंत पोचत नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसते, अशी थरथर धोक्याची.

पाणी रोज सारखं, मीठही रोज सारखं. बीपी निघालं म्हणून एका दिवसात मीठ तोडणं हेसुद्धा लिथियम वाढवतं. निर्जळी उपास नको. एकादशी करायचीच असेल तर पाणी, ताक, सरबत घेऊन. वारीला पायी जाणाऱ्यांनी ओआरएसची पाकिटं जवळ ठेवावीत, आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या की लिथियमचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करावा. साध्या गोळीऐवजी एसआर (औषध सावकाश सोडणारी) गोळी किंवा उलट, असा बदल मेडिकलवाल्याच्या शब्दावर करू नये. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी पातळी. क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी.

एवढं वाचून ‘मग हे औषधच नको’ असं ठरवू नका. जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि आत्महत्या रोखण्याबाबत या आजाराच्या इतर औषधांपेक्षा त्याच्या बाजूने जास्त पुरावा आहे. डॉक्टरांना न विचारता कायमचं तोडलं तर उन्माद उलटण्याची भीती मोठी.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. वडील गेल्यावर खचली, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी एस्सिटालोप्राम सुरू केलं. बीपीसाठी क्लोरथॅलिडोन आधीपासून आहे. आठवडाभर ती झोपाळू आहे, डोकं दुखतं, अडखळत चालते, काल मला धाकट्या मावशीच्या नावाने हाक मारली. नातेवाईक म्हणतात, वयाचं आहे, धक्का आहे. (कोल्हापूर)

उत्तर : आठवड्यात येणारा विसराळूपणा वयाचा नसतो. आजच्या आज रक्तातलं सोडियम तपासा. नेहमीची पातळी १३५ ते १४५. एस्सिटालोप्रामच्या गटातल्या औषधांमुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम पातळ होतं. पासष्टीपुढच्या बायका, पहिले दोन ते चार आठवडे आणि सोबत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड : तुमच्या पत्रात तिन्ही गोष्टी आहेत. १२५ च्या खाली गेलं तर दाखल करावं लागतं. फीटही येऊ शकते.

घरी मिठाचं पाणी पाजत बसू नका. पाण्याने पोट भरून आणखी बिघडू शकतं, आणि सोडियम फार भरभर वर नेणं मेंदूला घातक असतं. ते किती वेगाने वाढवायचं हे रुग्णालयात मोजून ठरवतात. दोन्हींपैकी कोणतं औषध थांबवायचं हे रिपोर्ट पाहून ठरेल. पुढे उदासीसाठी मिर्टाझापिनचा विचार होऊ शकतो, त्यात हा धोका कमी असतो. साठीपुढच्या माणसाला असं औषध सुरू करताना सोडियम आधी एकदा आणि दोन-चार आठवड्यांत पुन्हा बघावं. तपासणी स्वस्त आहे, मागून घ्या. या वयात एस्सिटालोप्रामचा डोसही हृदयाच्या ठोक्यांच्या काळजीने १० मिग्रॅच्या वर सहसा नेत नाहीत. रोज ॲस्पिरिन चालू असेल तर तेही सांगा. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर लगेच दाखवा.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. संशय, आवाज ऐकू येणं यासाठी चार दिवसांपूर्वी हॅलोपेरिडॉल सुरू केलं. काल रात्री मान एका बाजूला पिळल्यासारखी झाली, डोळे वर गेले, जीभ बाहेर, बोलता येईना. शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे. (सांगली जिल्हा)

उत्तर : हा औषधाचा दुष्परिणाम आहे आणि त्याला उतारा आहे. पहिल्या चार-पाच दिवसांतच, तरुण मुलांत जास्त करून, हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी स्नायू असे आखडतात. शुद्ध पूर्ण असते, दुखतं, आणि मुलगा घाबरलेला असतो. बघणाऱ्याला फीट वाटते किंवा अंगात आल्यासारखं वाटतं. जवळच्या कुठल्याही दवाखान्यात औषधाची स्ट्रिप दाखवा. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिल्यावर बहुधा २०-३० मिनिटांत मान सरळ होते. घसा आवळल्यासारखा वाटला किंवा श्वासाला आवाज येऊ लागला तर रुग्णवाहिका. यापुढे डॉक्टर डोस कमी करतील, औषध बदलतील किंवा काही दिवस ट्रायहेक्सीफेनिडिल २ मिग्रॅ देतील. ती पांढरी छोटी गोळी मात्र वर्षानुवर्षं सवयीने चालू ठेवू नये. तोंड कोरडं, शौच कडक, लघवी अडणं, विसरणं हा तिचा खर्च आहे.

आता दुसरी गोष्ट, जी सहसा कुणी विचारत नाही. येत्या काही आठवड्यांत मुलगा एका जागी बसेनासा झाला, पाय सतत हलवतो, उठतो, फेऱ्या मारतो, ‘आतून कसंतरी होतंय’ म्हणतो, तर त्याला आजार वाढला समजू नका. हाही औषधाचाच परिणाम असतो. घरच्यांनी ‘बेचैन आहे’ एवढंच सांगितलं तर डोस वाढतो आणि तळमळ आणखी वाढते. बेचैनी मनात आहे की पायांत, हे त्यालाच विचारा आणि त्याचेच शब्द डॉक्टरांना सांगा.

आणि एक लक्षात ठेवा : जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम आणि गोंधळलेपणा एकत्र दिसले तर पॅरासिटामॉल देत घरी थांबू नका. औषध थांबवून थेट मोठं रुग्णालय. हे क्वचित होतं, पण जीवघेणं ठरू शकतं.

प्रश्न : धाकटा दीर आवाज ऐकू येतात म्हणून क्लोझापिन ३०० मिग्रॅवर आहे, दिवसाला दोन बंडलं बिड्या ओढायचा. पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांनी मिळून सोडवली. तेव्हापासून दिवसभर झोपतो, उशी लाळेने ओली होते. बिडी सुटल्याचा अशक्तपणा का? (सातारा)

उत्तर : बिडी सोडली हे उत्तम झालं, पण औषधाच्या डॉक्टरांना न सांगता सोडली. बिडीच्या धुरातल्या काजळीसारख्या रसायनांमुळे यकृत क्लोझापिन भराभर निकामी करतं. धूर थांबला की आठवडाभरात यकृताचा तो वेग उतरतो आणि तोच डोस रक्तात दीडपट किंवा त्याहूनही जास्त भरतो. ३०० घेणारा माणूस न वाढवता ४५० घेतल्यासारखा होतो. झोप, लाळ हे त्याचंच. पुढे फीटही येऊ शकते. लवकर भेटून डोस कमी करून घ्या. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून निकोटिनच्या च्युइंगगमने किंवा तंबाखू-मशेरीने हिशेब बदलत नाही. उलटा धोकाही ध्यानात ठेवा : डोस उतरवल्यावर त्याने गुपचूप बिडी सुरू केली तर औषध कमी पडून आवाज परत येतात. त्याला न रागावता खरं सांगू द्या. ओलान्झापिनलाही हेच लागू.

क्लोझापिनवर पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने, हे बहुतेक घरांना माहीत असतं. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १५०० च्या खाली गेले तर त्याच दिवशी कळवायचं. ताप आला, घसा दुखला तरी त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). पण बद्धकोष्ठाकडे कुणी बघत नाही, आणि क्लोझापिनने आतडं इतकं मंदावतं की माणूस दगावू शकतो. दोन दिवस शौचाला झाली नाही तर सांगा. पोट फुगलं, दुखलं, उलटी झाली तर रुग्णालय. आपल्याकडे हात आधी इसबगोलाकडे जातो, पण मंद आतड्यात तो फुगून अडकू शकतो. लॅक्ट्युलोजसारखं औषध विचारून घ्या. शिवाय सलग दोन दिवस क्लोझापिन चुकलं तर जुन्या डोसवर उडी मारायची नाही. पुन्हा १२.५ मिग्रॅपासून चढायचं असतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

प्रश्न : (सही नाही, गाव नाही) सर्ट्रालीन ५० मिग्रॅ घेतल्यापासून मन ताळ्यावर आलं, पण पत्नीशी संबंधात अडचण येते. वेळ फार लागतो, कधी जमतच नाही. डॉक्टरांना कसं विचारू?

उत्तर : पत्र जसं लिहिलंत तसंच. डॉक्टरांना हे रोजचं आहे, तेही विचारायला संकोचतात इतकंच. उदासीतही इच्छा मरते. म्हणून गोळीपूर्वी कसं होतं आणि नंतर काय बदललं हे वेगवेगळं सांगा. काहींचं दोन-तीन महिन्यांत आपोआप सुधारतं. नाहीतर डोस थोडा कमी करणं, मिर्टाझापिन किंवा ब्युप्रोपियॉनकडे वळणं, किंवा योग्य माणसाला सिल्डेनाफिल देणं हे मार्ग आहेत. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर सिल्डेनाफिल अजिबात नको. न सांगता गोळी सोडून देणारे पुष्कळ असतात. त्यांचं दोन महिन्यांनी आयुष्य पुन्हा बिघडतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

प्रश्न : वय २६, द्विध्रुवी विकारासाठी व्हॅल्प्रोएट घेते. लग्न ठरलंय. आई म्हणते, दिवस राहिले की गोळी बंद करू. (नागपूर)

उत्तर : तेव्हा उशीर झालेला असतो. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्यातून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं पुरतं लक्षात येण्याआधीच. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दहापैकी साधारण एका बाळात मोठं जन्मजात व्यंग असतं (एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन) आणि दहापैकी तीन-चार मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागे पडतं. फॉलिक ॲसिडने हा धोका पुसला जात नाही. तरीही आजच तडकाफडकी बंद करू नका, उन्मादही गरोदर बाईला आणि बाळाला धोक्याचाच.

लग्नाआधी डॉक्टरांची वेळ घ्या आणि मूल हवं असण्याच्या कितीतरी महिने आधी औषध बदलायला सुरुवात करा. क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन, लिथियम असे पर्याय असतात. कुणालाच शून्य धोका नाही, पण व्हॅल्प्रोएटपेक्षा कमी. लॅमोट्रिजिनला घाई चालत नाही. २५ मिग्रॅ दोन आठवडे, मग ५० दोन आठवडे असं चढतात, आणि व्हॅल्प्रोएट सोबत असताना याच्याही निम्म्याने, कारण व्हॅल्प्रोएट त्याची रक्तातली पातळी दुपटीने वाढवतं. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. सलग पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्या पायरीवरून चढायचं.

बदल पूर्ण होईपर्यंत गर्भनिरोधन पक्कं हवं. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजिनची पातळी जवळजवळ निम्म्यावर आणते, आणि कार्बामाझेपिन असेल तर ती गोळीच निकामी करतं. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनाही औषधाचं नाव कळू द्या.

प्रश्न : मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर अल्प्राझोलाम देत नाही, वहीत नाव लिहून घेतो. अडवणूक तर नाही? (नाशिक)

उत्तर : नाही, तो नियम पाळतोय. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम वगैरे औषधं शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या याची वेगळी नोंद त्याला ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. न विचारता देणारा मेडिकलवाला तुमचा मित्र नाही.

प्रश्न : मुलीला (वय १९) उदासीसाठी औषध सुरू केलं. डॉक्टर दहाच दिवसांचं देतात आणि गोळ्या आमच्याकडे ठेवायला सांगतात. इतका अविश्वास कशाला? (लातूर)

उत्तर : अविश्वास नाही, खबरदारी आहे. पंचविशीच्या आतल्या काहींत पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस बदलताना जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंत हा इशारा छापायला लावला. गोळ्या कुलपात ठेवा, घरातली आजी-आजोबांची उरलेली औषधंही. तिला सरळ विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. अचानक अस्वस्थ, निद्रानाश, चिडखोर झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस, मोफत, मराठीतही चालतो. जीव धोक्यात वाटला तर एकटं न सोडता रुग्णालय.

थोडक्यात

*गोळी विसरलो तर?* (चिपळूण) एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर एकच. दोन कधीच नाही.

*पाठदुखीला ट्रामाडोल दिलंय, एस्सिटालोप्राम चालू आहे.* (जळगाव) दोन्ही एकत्र नको, दुसरं मागा. घाम, थरथर, जुलाब, ताप, पाय उडणं अशी सेरोटोनिन वाढल्याची लक्षणं येऊ शकतात, फीटही. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्याच यादीतलं. बाटलीवरचा मजकूर वाचा.

*ओलान्झापिनने पाच महिन्यांत ९ किलो वाढलो.* (पणजी) सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि चरबी बघायची असते. झाली नसेल तर आता करा. औषध बदलणं किंवा मेटफॉर्मिन जोडणं याबद्दल विचारा. जेवण तोडून भागत नाही. भूक गोळीच वाढवते, त्यात तुमच्या निग्रहाचा दोष नाही.

*क्लोनाझेपामसोबत अश्वगंधा?* (पुणे) गुंगी वाढते, आणि थायरॉइड व यकृतावर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांपासून लपवू नका.

*दुबईला नोकरीला जातोय, सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत टाकू का?* (रत्नागिरी) संयुक्त अरब अमिरातीत अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारखी औषधं नियंत्रित आहेत. निघण्यापूर्वी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते; किती दिवसांचा साठा चालेल ते त्या परवानगीवरच बघा. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, डोस आणि कारण लिहिलेलं इंग्रजी पत्र घ्या, गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये ठेवा, हाताशी असलेल्या बॅगेत. डबीत सुट्या काढलेल्या गोळ्या नेऊ नका.